राजाची उडी

आमची मीनाक्षी मावशी बासष्टाव्या वर्षी बुद्धिबळाच्या स्पर्धेत उतरली, तेव्हा कुंभकोणमातल्या आमच्या सगळ्या मराठी गोतावळ्याने तिची भरपूर थट्टा केली. मीही केली, आणि मीच तिला स्कूटरवरून स्पर्धेच्या कल्याणमंडपात, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये, सोडायला गेलो. तिचा हेका एकच: वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, शिकवलेल्या सुरुवातीने एक तरी डाव जिंकायचा. अप्पांचा खेळ जुना. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, आणि राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. अप्पा गेल्यावर तसं खेळणारं घरात दुसरं कोणी उरलं नाही. स्पर्धेचे नियम मावशीने पाठ केले होते, पण प्यादी ती एकेक घरच सरकवायची.

आधीचे सगळे डाव हरली. शेवटच्या डावाला समोर पापनाशम गावचा सेतू, औषधांचा दुकानदार, भला माणूस. तो सुरुवाती घोकून आला होता. हिच्या मुंगीच्या चालीपुढे त्यातली एकही कामी येईना. गोंधळून त्याने उंटाने शह दिला, हिने प्यादं आड घातलं, आणि पुढे त्याचा हत्ती फुकटात गेला. मावशीला इतकं खुशीत मी कधीच पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात तिने राजा उचलला आणि घोड्याच्या चालीने थेट पलीकडे नेऊन ठेवला.

सेतू बिचारा तमिळमध्ये म्हणाला, चुकून झालं असेल, दुसरं काही खेळा. पंच ऐकेनात. हात राजाला लागला, आता राजाच हलवायचा. राजाला एकच घर मोकळं होतं. तिथे जाताच सेतूच्या घोड्याने राजा आणि वजीर एकदम धरले, आणि डाव गेला. मला पंचांचा भयंकर राग आला. त्यांचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला.

बाहेर आल्यावर तिचे डोळे भरले. मी म्हटलं, अप्पांच्या नियमाने तर तू जिंकलीच होतीस. तिने मान हलवली.

"अप्पांचे खेळांत पण ही चाल होत नाहीं रे. राजाला एकदां शह लागला की उडी नाहीं. मज तो शह ध्यानांतच राहिला नाहीं."

मी समजूत घालायला गेलो, की हे सगळं इथे कोणाला कळणार होतं?

"कोणालाच नाहीं," ती म्हणाली. "हे अस्कं ठाऊक असलेली मी एकटीच होते."