न विचारता दिलेली कबुली

रविवारी दुपारी मी आणि समीर एक थाई मालिका बघत होतो, दोन मुलांच्या प्रेमाची. आम्हीही कित्येक वर्षं एकत्र राहतो. सोसायटीच्या लेखी आम्ही रूममेट.

पडद्यावरचा एक मुलगा जेवता जेवता थांबला आणि जोडीदाराला म्हणाला, "मी तुला फसवलंय." त्याला कुणी काही विचारलंही नव्हतं. जोडीदार रडला, भांडला, घर सोडून गेला.

समीर वैतागला. "काय गरज होती सांगायची? सुखात होते की दोघं!"

समीरचं दुसऱ्या कुणाशी तरी चालू आहे, हे मला दिवाळीपासून ठाऊक आहे. तो स्वतःहून सांगेल म्हणून मी थांबलोय. नवराबायकोचं असं काही झालं तर निदान चार माणसं मध्ये पडतात. आमचं नातंच कुणाला सांगितलेलं नाही, तर त्यातली फसवणूक कुणापाशी बोलायची?

"सुखात दोघांतला एकच होता," मी म्हणालो.

समीरने चमकून माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक आहे, हे त्याला कळलं होतं. क्षणभर वाटलं, आता बोलेल. पण त्याने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि पुढचा भाग लावला.

मीही खांदा काढून घेतला नाही.