रॉडचे दोन आटे

वर्कशॉपमधून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी सगळे त्यांना फोरमनच म्हणतात. चढावरचं शेवटचं घर त्यांचं. बस खालच्या फाट्यापर्यंतच येते, तिथून वर यायला त्यांची जुनी जीप. गेल्या आठवड्यात उतारावर तिचे ब्रेक जाम झाले, चाकांतून धूर निघाला. दूधवाल्याने टेम्पोला बांधून ती घरी आणली आणि आगाऊपणा करून फोरमनच्या लेकीला फोनही केला.

"बाबा, रविवारी मी येतेय," लेक म्हणाली. "तोवर गाडी नीट झाली तर ठीक. नाही तर बॅग भरा. तिथे एकटं, गाडीशिवाय? अजिबात नाही."

"तुझ्या सातव्या मजल्यावर मी काय करू?"

"लिफ्टमध्ये बिघाड शोधा."

फोरमन हसले आणि फोन ठेवून हत्यारांची पेटी काढायला गेले.

चार दिवस त्यांनी ब्रेकचे चारही ड्रम उघडले. लायनर घासले, स्प्रिंगा बदलल्या, पाइप पुसून पुसून बघितले. दोन किलोमीटर गाडी छान चाले. मग पेडल दगडासारखं कडक, आणि चारही ड्रम इतके तापलेले की थुंकी टाकली तर चर्र व्हावं.

शनिवारी सकाळी गाडी पुन्हा जाम झाली. ती तशीच जॅकवर चढवून त्यांनी दूधवाल्याला सीटवर बसवलं.

"दाब."

"दाबलं."

"सोड."

"कधीच सोडलं."

"चाक फिरत नाहीये."

"मग मी उतरून त्याची समजूत काढू?" दूधवाला म्हणाला. "काकू बऱ्या होत्या. गप्प बसून दाबायच्या."

"गप्प? माझा उद्धार करायची इथे बसून."

"करणारच! माझंही दूध नासतंय." तो उतरला. जाता जाता म्हणाला, "फोरमन, एक चाक अडलं तर चाकाचा दोष. चारही एकदम अडली तर? तुम्हीच शिकवलंय मला."

टेम्पोचा आवाज वळणापलीकडे विरला. फोरमन चाकाशेजारी बसून राहिले. चारही अडली तर दोष वर, पेडलपाशी. हे त्यांनी वर्कशॉपात निदान शंभर जणांना शिकवलं होतं. तरी चार दिवस त्यांचा पाना तिथे गेला नव्हता.

त्यांनी मागच्या चाकाचं, ऑइल सोडायचं निपल सैल केलं. ऑइलची चिळकांडी उडाली आणि मागची दोन्ही चाकं सुटली. म्हणजे ड्रम निर्दोष. दाब आत कोंडला होता, परत जायला वाट नव्हती. ते पेडलखाली आडवे झाले, मास्टर सिलिंडरचे नट दोन फेरे ढिले केले. सिलिंडर केसभर पुढे सरकला आणि वेगळ्या पाइपावरची पुढची चाकंही मोकळी झाली.

पेडलपासून सिलिंडरात जाणारा रॉड लांब होता. लांब केलेला होता.

बायको खालच्या दवाखान्यात नर्स होती. ही जीप तीच चालवायची. पाय आखूड, सीट पुढे सरकत नसे, पेडल तळापर्यंत दाबता येत नसे. मग त्यांनी रॉड दोन आटे बाहेर काढला. पेडलला मोकळी चाल अगदी केसभर ठेवली, म्हणजे पाय टेकताच ब्रेक लागावा. तिला जाऊन दोन वर्षं झाली. ब्रेक जाम झाले त्याच्या आदल्याच दिवशी, सिलिंडर गळायला लागला म्हणून त्यांनी नवा बसवला, आणि चाल न मोजता रॉड होता तसाच लावला. नव्या सिलिंडरात तो केसही उरला नाही. पिस्टन पूर्ण मागे येईना, ऑइलच्या परतीचं भोक बंद राही.

एखाद्या पोराने असं काम केलं असतं, तर त्यांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं असतं.

रॉडच्या लॉकनटवर रंगाची रेघ होती. हात लावू नये म्हणून त्यांनीच ओढलेली. त्यांनी पाना लावला, काढला, हात पुसले, पुन्हा लावला. रेघ तुटली. एक आटा. दुसरा.

नट कसले, ऑइल भरलं. पाइपांतली हवा काढायची तर पेडलवर माणूस हवा. त्यांनी सीट आणि पेडलमध्ये लाकडाचा दांडका अडकवला आणि प्रत्येक चाकाशी उठबस केली. सवयीने तोंडातून "सोड" निघायचं. मग स्वतःच जाऊन दांडका काढायचा.

दुपारी ते फाट्यापर्यंत जाऊन आले. दोनदा. पेडल आता बोटभर खाली जाऊन धरत होतं. त्यांच्या लांब पायाला हेच योग्य होतं. इतके दिवस ते गुडघा दुमडून चालवत होते.

अंगणातून त्यांनी लेकीला फोन लावला.

"चारही ड्रम ठीक. हात ठेवता येतो."

"खरं सांगताय?"

"उद्या ये. स्वतः चालवून बघ."

"मी खोली आवरून ठेवली होती, बाबा."

"असू दे. पाहुणा म्हणून येईन."

"पाहुणे रोज येत नाहीत," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ते मागच्या चाकाशी उकिडवे बसले. ड्रम कोमट होता, मग गार झाला. बघायचं काहीच उरलं नव्हतं, तरी त्यांनी हात काढला नाही.