हळदीचं फडकं

मी खामगावच्या मुलींच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकलं की कागद लाल होतो, हा प्रयोग मी इतक्या वेळा केला आहे की माझी बोटं बाराही महिने पिवळी असतात. असं असूनही त्या हळदीतली एक साधी गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर कळली, तीही लोणारच्या तळ्याकाठी, हाताला धुण्याचा सोडा फासलेला असताना.

आई लवकर गेली, म्हणून मला मावशीने डोणगावला वाढवलं. काही मोठं ठरवायचं असलं की मावशी लोणारला जायची. हळदीत बुडवून वाळवलेलं फडकं सोबत न्यायची, मनात प्रश्न धरून ते तळ्यात भिजवायची. फडकं लाल झालं की तळं हो म्हणालं. का, तर तिथे पूर्वी जमिनीच्या पोटात लवणासुर लपून राहायचा. त्याच्या बहिणींनीच देवाला जागा सांगितली, देवाने पायाच्या अंगठ्याने वरचं झाकण उडवलं आणि त्याला मारला. ते खारट पाणी म्हणजे त्याचं रक्त. हळदीला लागलं की ते आपला रंग दाखवतं, असं मावशी सांगायची.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी तिला आम्ल आणि आम्लारी या विषयावर पाऊण तास व्याख्यान दिलं. त्या पाण्यात हळद लालच होणार, तळ्याला नाही म्हणताच येत नाही, हे तावातावाने समजावलं. भाकरी थापता थापता तिने सगळं ऐकून घेतलं. "हाव का?" म्हणाली आणि माझं ताट वाढलं. हा किस्सा मी पुढे तीस वर्षं स्टाफरूममध्ये तिखटमीठ लावून सांगितला.

मागच्या वर्षी मावशीच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, लवकर काढा, काढल्याशिवाय ती कसली आहे ते कळणार नाही. तिचे दोन्ही मुलगे म्हणाले, या वयात कापाकापी नको. एकाने कसला तरी काढा आणला, दुसऱ्याने अंगारा. मी दोघांशी कडाकडा भांडले आणि हरले. मावशी एवढंच म्हणाली, "तळ्याले इचारू."

मला उकळ्या फुटल्या. जन्मभर ज्याची टवाळी केली ते तळं आता माझ्या बाजूने बोलणार होतं. पण त्या साली पावसाने झोडपून काढलं होतं, तळं चढलं होतं. एवढं गोडं पाणी मिसळल्यावर फडकं पिवळंच राहिलं तर? मावशी ऑपरेशनला तयार होणार नाही, आणि तिचं काही बरंवाईट झालं तर मला या जगात दुसरं कोणी नव्हतं. मी घाबरले. प्रयोगाआधी चाचणी घ्या, असं मुलींना घसा फोडून सांगणाऱ्या बाईने बाटलीभर पाणी मागवून तपासावं की नाही? त्याऐवजी मी दुकानातून धुण्याच्या सोड्याची पुडी आणली, साबणासारखा तोही हळदीला लाल करतो, आणि पर्समध्ये लपवली.

तळं खोल खड्ड्यात आहे. उतरताना मावशी काठी टेकत पुढे आणि मी धापा टाकत मागे. काठाशी पोचल्यावर मी पाठ फिरवून हाताला सोडा चोळला आणि म्हणाले, "आण इकडे, तुला वाकायला नको." फडकं हातात घेतलं. उन्हाने म्हणा, भीतीने म्हणा, माझे तळवे घामाने चिंब झालेले. पाणी अजून चार पावलं लांब होतं आणि फडक्यावर माझी पाचही बोटं लालभडक उमटली.

मावशीने फडकं पाहिलं. मग माझे पांढरे हात पाहिले.

"तळ्याच्या आंधी तूच हो म्हणून राह्यली वं," ती म्हणाली.

"मावशी, त्याचं असं आहे, आम्लारी..."

"मले नको शिकवू. हळदीचे डाग जलमभर साबणानं धुतले म्या. ते लाल होतात हे मले तुया जलमाच्या आंधीपासून ठावं हाय."

मी मटकन खाली बसले. तीस वर्षं मुलींना शिकवलं, घरी स्वतःच्या साड्या धुतल्या, पण मावशीही साड्या धुते हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"मग इतकी वर्षं इथे कशाला येत होतीस? ते हो म्हणणार हे माहीत असून?"

"म्हणून तं येत होती. घरात सारेच नाही म्हणत. एक तरी हो म्हणणारं पाह्यजे का नाही? शिलाई मशीन घेतली तवा इचारलं. तुले कॉलेजात धाडाचं होतं तवा इचारलं. तुये मावसे तं रागानं दोन दिस जेवले नव्हते."

मला रडू आलं. ज्या शिक्षणाच्या जोरावर मी त्या फडक्याची टर उडवली, ते मला त्याच फडक्याने मिळवून दिलं होतं. आणि हे मला कोणी सांगितलं नाही म्हणावं, तर मी कोणाला बोलू दिलं होतं?

मावशीने फडक्याची घडी घातली आणि कमरेला खोचली.

"भिजवत नाहीस?" मी विचारलं.

"आता कशाले? या खेपेले मलेच भेव वाटे, म्हणून ठरत नव्हतं. आता ठरलं." मग माझा हात धरून तिने मला उठवलं. चढताना माझी पर्सही तिनेच घेतली.

गाठ साधी निघाली, हे आधीच सांगून टाकते, उगाच कोणी जीव मुठीत धरायला नको. ऑपरेशनच्या सकाळी तिचं सामान काढून ठेवताना नर्सला उशाखाली ते फडकं सापडलं. त्यावर पाच बोटांचे तांबूस डाग होते. तिने दचकून विचारलं, "आजी, हे रक्त कोणाचं?"

मावशीने माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "त्या राक्षसाचं."