चौथा डबा

२०२१च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही अ‍ॅमस्टरडॅमहून परामारिबोला गेलो. सामानात तान्ह्या बाळाच्या दूध पावडरचे तीन डबे होते. चौथा आम्ही नेला नाही.

परामारिबो ही दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामची राजधानी. नवऱ्याच्या, अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या हूफडॉर्पमधल्या कंपनीला तिथल्या एका ग्राहकाकडे सॉफ्टवेअर बसवायचं होतं. कोरोनामुळे ते काम दोनदा पुढे ढकललं गेलं होतं. मी माझं तिकीट काढून बरोबर गेले.

अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात आमच्या शेजारच्या घरात सुरिनामच्या एक निवृत्त बाई एकट्या राहत. त्यांचे पूर्वज बिहारकडून तिथल्या उसाच्या मळ्यांवर गेलेले. त्या भोजपुरी वळणाचं बोलत, आम्ही हिंदीत उत्तर देत असू. आम्ही त्यांना मौसी म्हणायचो. लॉकडाऊनमध्ये त्या त्यांच्या दारापुढे आणि आम्ही आमच्या दारापुढे खुर्च्या टाकून बसायचो. गॅलरीतली ओळख तेवढीच. त्यांच्या घरात आम्ही कधी गेलो नव्हतो.

प्रवास ठरल्याचं कळल्यावर मौसींनी सूचना द्यायला सुरुवात केली. विमानतळ गावापासून लांब आहे, गाडी आधीच ठरवा, बाहेर उभा असलेला कुणी कितीही गोड बोलला तरी त्याच्या गाडीत बसू नका. नोटा कोऱ्या न्या, फाटकी कुणी घेत नाही. पैसे दुकानातच बदला, रस्त्यावर नाही. वाहनं भारतासारखी डावीकडून चालतात, इथली सवय घेऊन रस्ता ओलांडू नका. संध्याकाळी पूर्ण बाह्या घाला, तिथला डास कपड्यावरूनही चावतो. पिवळ्या तापाच्या लशीचं डॉक्टरांना विचारा. कुठल्या हॉटेलात उतरलात ते कुणाला सांगू नका.

प्रत्येक सूचनेत कुणीतरी फसवणारा होता. शेवटची सूचना त्यांनी अनेकदा दिली.

"कुणाचं सामान घेऊ नका. माझी सख्खी बहीण घेऊन आली तरी नाही म्हणा. त्या विमानाने परत येणाऱ्यांच्या बॅगा इथे उघडतात. कुणीतरी लोणचं म्हणून देतं, आणि तुरुंगात तुम्ही बसता."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मौसी स्वतःच चार डबे घेऊन दारात उभ्या राहिल्या.

त्यांच्या भाचीची मुलगी सहा महिन्यांची होती. साधं दूध दिलं की तिच्या अंगावर चट्टे उठत आणि सगळं उलटून पडे. तिला चालणारी पावडर परामारिबोत मिळेनाशी झाली होती, आणि पोस्टाने पाठवलेलं पार्सल कधी पोचेल याचा भरवसा नव्हता. हे सगळं मौसींनी सांगितलं. आमच्याकडे दुसरा दुजोरा नव्हता.

"मौसी, सख्ख्या बहिणीचंही घेऊ नका, असं तुम्हीच म्हणालात ना?" नवरा हसत म्हणाला.

"ते येताना, बेटा. जाताना कोण बघतं?"

त्यानंतर तो हसला नाही.

त्याने डबे टेबलावर ओळीने मांडले. तीन नवे कोरे होते. चौथ्याच्या तळाच्या कडेला पोचा होता आणि झाकणाभोवती तपकिरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. सायकलच्या पिशवीतून पडला, झाकण सैल झालं म्हणून पट्टी लावली, असं मौसी म्हणाल्या. नवऱ्याने स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. चौथा डबा किंचित जड भरला. चिकटपट्टीचं वजन किती असेल, यावर आम्ही दोघं मराठीत बोललो. मौसी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या.

नवऱ्याने आइंडहोवनच्या मित्राला फोन लावला आणि स्पीकर सुरू ठेवला.

"वेडा आहेस का? अजिबात नेऊ नकोस," मित्र म्हणाला.

"तुझ्या आईने दिलेलं मेतकूट मी पुण्याहून न उघडता आणलं होतं."

"अरे, माझ्या आईला तू ओळखतोस. या बाईंना ओळखतोस का?"

नवऱ्याने फोन ठेवला. मौसींना शब्द कळले नसावेत. त्या म्हणाल्या, "उघडायचा तर उघड. पण उघडलेला डबा तिथल्या दमट हवेत टिकायचा नाही. बाळाला तसला देता येणार नाही."

"तीन नेतो," नवरा म्हणाला.

मौसींनी चौथा डबा पदराने पुसावा तसा ओढणीने पुसला आणि काखेत धरून त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही बॅगा घेऊन निघालो, तेव्हा त्यांचं दार बंद होतं.

परामारिबोत डबे न्यायला भाची येणार होती. आमच्या हॉटेलवर आला एक माणूस, मोटरसायकलवरून, हेल्मेट आणि मास्क लावून. आपण तिचा दीर आहोत, असं त्याने सांगितलं. नवऱ्याने भाचीला व्हिडिओ कॉल करायला लावला. पडद्यावर एक तरुण बाई आणि रडणारं बाळ दिसलं. आम्ही डबे दिले. त्याने पिशवीत हात घालून पाहिलं.

"चार सांगितले होते."

"तीनच आणले."

"चौथा कुणाकडे आहे?"

अ‍ॅमस्टरडॅमला, असं सांगितल्यावरही त्याने तेच पुन्हा विचारलं. मग तो गेला. आमचं हॉटेल त्याला कुणी सांगितलं, हे आम्ही नंतर आठवून पाहिलं. नवऱ्यानेच मौसींना मेसेज केला होता.

परतल्यावर स्किपोल विमानतळावर आमच्या बॅगा उघडल्या गेल्या. काही निघालं नाही.

नाताळच्या सुमारास मौसींनी आम्हाला पहिल्यांदाच घरात बोलावलं. चौथा डबा ओट्यावर होता. तळाचा पोचा तोच होता. चिकटपट्टी त्याच रंगाची होती. तीच होती का, ते सांगता येणार नाही.

"तिकडे तीनही डबे संपले," मौसी म्हणाल्या. "नवीन मिळत नाहीत. आता तिला भाताची पेज देतात. थोडी पोटात राहते."

"मौसी, हा कुणाबरोबर पाठवता येईल का, बघू या," मी म्हणाले.

"कोण नेणार? सगळ्यांना मीच शिकवून ठेवलंय."

त्यांनी सुरीने चिकटपट्टी कापली, झाकण काढलं, आतला चंदेरी कागद सोलला. ओट्यावर मोठी परात होती. नवरा "नको, मौसी, नको" म्हणेपर्यंत त्यांनी डबा परातीत उपडा केला आणि बुडावर थापट्या मारल्या.

पांढरी पावडर पडली. तिच्यामागून मापाचा प्लास्टिकचा चमचा पडला, बाकी काही नाही. त्या पावडरच्या प्रत्येक डब्यात तसा एक चमचा असतो.