चौदावं वाक्य

बायको गेल्यानंतर सात महिन्यांनी, तिचं ऑपरेशन झालं होतं त्याच हॉस्पिटलमधून फोन आला. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी नियमावली करायची होती आणि तज्ज्ञांच्या समितीत रुग्णांच्या बाजूने एक माणूस हवा होता. मी कॉलेजचा निवृत्त ग्रंथपाल. कागद नीट वाचतो, आवाज चढवत नाही. म्हणूनच बहुधा मला बोलावलं.

पद्धत सभ्य होती. प्रत्येकाने घरी बसून एकेका वाक्याला एक ते नऊ गुण द्यायचे, नऊ म्हणजे पूर्ण मान्य, नाव न लिहिता. दुसऱ्या फेरीत इतरांचे गुण आणि शेरे पाहून वाटलं तर आपले बदलायचे. चौदावं वाक्य मी सुचवलेलं होतं: डॉक्टरांनी हात धुतले नसतील तर नर्सने किंवा नातेवाइकांनी त्यांना थांबवावं. मी नऊ दिले. कारणाच्या रकान्यात फक्त ‘अनुभव’ लिहिलं.

अनुभव असा. ऑपरेशन चांगलं झालं होतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर शेजारच्या खाटेवरची चिघळलेली जखम बघून तेच हातमोजे घालून हिच्या टाक्यांकडे आले. हिचं माहेर मैंदर्गी, तिथे घरोघरी कानडी. डॉक्टरांना कळू नये म्हणून ती कानडीत पुटपुटली, “हेळ्री अवरिगे.” सांगा त्यांना. मी तिला डोळ्यांनी दटावलं. आठवड्यात जखम पिकली, मग जंतू रक्तात गेले.

दुसऱ्या फेरीचा कागद आला. चौदाव्या वाक्याला बाकी सगळ्यांचे एक, दोन, फार तर तीन. खाली शेरे: ‘ही भावना आहे, पुरावा नव्हे.’ ‘उद्या विचारतील, आंघोळ केली का?’ हा दुसरा वाचून मी हसलो. त्या रांगेत माझा नऊ छपाईच्या चुकीसारखा दिसत होता. कोणी दबाव आणला नव्हता, नावही कळणार नव्हतं. तरी मी तो खोडून दोन केला.

छापील नियमावलीच्या शेवटी आलं, ‘वाक्य चौदा सर्वानुमते वगळले.’ समितीतल्या वॉर्डच्या सिस्टर मला प्रत द्यायला थांबल्या होत्या. हिचं ड्रेसिंग त्याच करत.

“सर, त्ये वाक्य तुमचंच की?”

“हो.”

“मी एक दिला. जास्त दिला असता आन् कळलं असतं, तर माझी बदली झाली असती. पर सर्वानुमते म्हंजे तुमी पन?”

मी प्रत चाळत राहिलो.

“तुमची कुटं बदली करनार होते, सर?”

त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. प्रत मिळाल्याची मी सही केली.