जिना कुठे उतरतो

दादर स्टेशनाचा इतिहास सांगणारे लोक फलाटांपासून सुरुवात करतात. मी जिन्यांपासून करते, कारण माझं पोट जिन्यांवर चालतं. स्टेशनाच्या भिंतीला लागून जी गल्ली आहे, तिच्यात माझा गाळा आहे. सोललेले वाल, मोड आलेली मटकी, खवलेला नारळ, निवडलेली मेथी, सोललेला लसूण असा माल. घरी जाऊन चूल पेटवायची आहे पण निवडत बसायला वेळ नाही, अशी बाई माझं गिऱ्हाईक. आणि अशी बाई जिन्यावरूनच येते.

आमचा धंदा बसवला सासूबाईंनी. मालवणकडून लग्न होऊन त्या घोडपदेवच्या चाळीत आल्या, सासरे मिलमध्ये होते. घरात खाणारी तोंडं वाढली तशी त्यांनी पाटी उचलली आणि दादर गाठलं. त्या सांगायच्या, तेव्हा हे स्टेशन म्हणजे एक स्टेशन नव्हतंच. दोन कंपन्यांनी शेजारी शेजारी रूळ टाकले, दोघींनी आपापलं स्टेशन बांधलं आणि नाव मात्र एकच ठेवलं. जावांसारखं. एका घरात दोन चुली. एकीचा एक नंबर फलाट वेगळा, दुसरीचा एक नंबर वेगळा. मधे पूल टाकला तेव्हा कुठे दोघींचं बोलणं सुरू झालं.

त्या पुलाच्या पायथ्याशी सासूबाई बसायच्या. त्यांनी मला धंद्याचा पहिला धडा दिला तो तिथे. म्हणाल्या, "गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघू नकोस, पायांकडे बघ. शेवटच्या पायरीवर पाय अडखळतो. अडखळला की माणूस खाली बघतो. खाली बघितलं की आपली पाटी."

तेव्हापासून मी पाय बघते. या स्टेशनात किती पूल आले, किती जिने रुंद झाले, तिकिटाची खिडकी कुठून कुठे गेली, हे मी पायांवरून सांगू शकते. एक जिना थोडा सरकला आणि कंगवे विकणाऱ्याचं बस्तान उठलं. दुसरा जिना उघडला आणि छत्र्या दुरुस्त करणाऱ्याने मुलीचं लग्न काढलं. लोकांना वाटतं स्टेशनात गाड्या महत्त्वाच्या. गाड्या येतात आणि जातात. पाय कुठे वळतात ते बघायचं.

आता माझी तक्रार सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मिल बंद झाल्यावर सासऱ्यांना जे काही मिळालं त्यातून त्यांनी इथे दोन गाळे घेतले. एक अगदी जुन्या जिन्याच्या तोंडाशी, दुसरा आत, गल्लीच्या टोकाला, जिथे दिवसासुद्धा दिवा लागतो. वाटणीच्या वेळी सगळे चाळीतल्या खोलीत बसलो होतो. सासूबाईंनी जिन्याचा गाळा थोरल्या जावेला दिला आणि आतला मला. मी कारण विचारलं. म्हणाल्या, "तू तोंडाची खमकी. तू विहिरीत बसलीस तरी विकशील. तिला पायथा हवा."

म्हणजे जिला विकता येतं तिला अंधार आणि जिला येत नाही तिला जिना. सगळ्यांनी माना हलवल्या. जाऊबाईंनी तर मानसुद्धा हलवली नाही, पदराशी खेळत गप्प बसल्या. मला आजही तो पदर आठवतो, हिरवा, हिंदमाताच्या दुकानातून मीच घासाघीस करून आणून दिलेला.

मी विकलं. त्या विहिरीत बसून विकलं. शिवाजी पार्कातल्या म्हाताऱ्या बायकांच्या जिन्यांवर जाऊन, "काकू, श्रावणी सोमवारचे वाल कोण सोलणार, तुमचे गुडघे की मी?" असं म्हणत विकलं. घाऊक बाजारातल्या व्यापाऱ्यांशी भांडून भाव पाडला. एकदा एकाने मला मापात फसवलं, तर त्याचा तराजू उचलून मी त्याच्याच डोक्यावर धरला होता. लोक म्हणायचे, बाई तापट आहे. गल्लीच्या टोकाला थंड डोक्याने धंदा होत नाही. पण रोज घरी जाताना मला जाऊबाईंच्या गाळ्यावरून जावं लागायचं, आणि रोज तिथे पाय अडखळलेले दिसायचे.

मग दोन वर्षांपूर्वी सुरू झालं ते सगळं. आधी फलाटांचे नंबर बदलले. दोन एक नंबरांची भानगड संपली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग आकडे आले. मग बातमी आली की आमच्या बाजूचा जुना पूल काढणार आणि नवीन रुंद पूल टाकणार. मग एके दिवशी सकाळी मी गाळा उघडायला आले, तर माझ्या दारासमोर पत्रे लावून माणसं खड्डा खणत होती.

खड्डा बघून कोणी इतकं खूश झालं नसेल. मी पत्र्याच्या फटीला डोळा लावून बसायचे. सळ्या बांधल्या, काँक्रीट ओतलं, त्यावर लोखंडी तुळया चढल्या. क्रेन आली त्या दिवशी मी गिऱ्हाइकाला मेथीऐवजी कोथिंबीर दिली. साइटवरच्या इंजिनिअरला मी रोज चहा पाजायचे. शेवटी एकदा विचारलं, "साहेब, जिना इथेच उतरणार ना?"

"इथेच मावशी. तुमच्या दाराच्या नाकासमोर. सरकता जिना."

सरकता. मला रात्री झोप लागेना. मी गाळ्याला नवीन पाटी केली, पांढरे दिवे लावले, स्टीलचं काउंटर बनवून घेतलं. सुताराने काउंटर सरळ लावलं होतं, मी भांडून तिरकं करून घेतलं, कारण जिन्यावरून उतरणारा माणूस डावीकडे बघतो. पाय अडखळणार ती जागासुद्धा मी खडूने आखली होती.

आणि मला राहवलं नाही. एका संध्याकाळी जाऊबाईंच्या गाळ्यापुढे थांबले. आम्ही भांडतानाही अहो-जाहो करतो. मी तरी करते.

"वहिनी, दिवा घेऊन ठेवा एक चांगलासा. पुढच्या महिन्यात तुमचा जिना जाणार. अंधार होईल."

त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अंधाराची सवय तुका असा. माका तूच शिकव मग."

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांचं गिऱ्हाईक आलं. पायरीवर अडखळून.

जुना जिना बंद झाला. त्याच्या तोंडावर पत्रे बसले आणि जाऊबाईंचा गाळा भिंतीकडे तोंड करून बसला. माझ्याकडचे पत्रे निघाले. पहिल्या दिवशी मी सकाळी अंघोळ करून, गजरा माळून, देवाला नारळ फोडून काउंटरमागे उभी राहिले. पायऱ्या चालू झाल्या. चकचकीत, दातेरी, एकामागून एक जमिनीतून निघून वर चालल्या होत्या.

वर.

मी बराच वेळ बघत राहिले. वाटलं, तपासून बघत असतील, आता उलट फिरवतील. उलट काही फिरवलं नाही. इंजिनिअर आला तेव्हा मी त्याला गाठलं.

"साहेब, हा खाली कधी येणार?"

"हा खाली नाही येत मावशी, हा चढायचा. उतरायला पलीकडे साधा जिना आहे, फुलबाजाराच्या बाजूला."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

खरं होतं ते. एवढी जन्माची घासाघीस करणारी बाई मी, दर वस्तू उलटीपालटी करून बघणारी, आणि हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या जिन्यांवरून माणसं चढायचीही आणि उतरायचीही. जिना एका बाजूचाच असू शकतो, हे आमच्या पायांकडे बघणाऱ्या घराण्यात कोणाला सुचणार.

जाऊबाई गल्लीतून आल्या, मुद्दाम. जिन्याकडे बघितलं, माझ्या तिरक्या काउंटरकडे बघितलं, खडूच्या खुणेकडे बघितलं. म्हणाल्या, "बरा झाला गो. तुझा सगळा गिऱ्हाईक स्वर्गात चालला." आणि हसल्या. आख्ख्या गल्लीने ऐकलं. मी मटकीची पाटी उचलून आत आपटली, अर्धी मटकी सांडली.

सकाळ कोरडी गेली. दुपार कोरडी गेली. मी मनात इंजिनिअरला, सुताराला, सासूबाईंना, कोणालाही सोडलं नाही.

आणि मग ऑफिसं सुटली.

सरकत्या जिन्यावर एका वेळी दोघीच चढू शकतात. मागे रांग लागली. रांग जिन्यापासून माझ्या काउंटरपर्यंत आली आणि काउंटर ओलांडून पुढे गेली. रांगेतली माणसं चालत नव्हती, उभी होती. पायथ्याशी आलेल्या म्हाताऱ्या बायका तर निऱ्या सावरत, पहिल्या पायरीचा अंदाज घेत आणखीच थांबत होत्या. सासूबाईंनी अडखळलेला पाय बघायला शिकवलं होतं. इथे शेकड्याने पाय थांबलेले होते, आणि हे सगळे घरी निघालेले होते. सकाळी उतरणारा माणूस कामावर जातो, त्याला वाल कशाला? संध्याकाळी चढणाऱ्या बाईला वाल हवेत. मी इतकी वर्षं उतरणाऱ्यांकडे डोळे लावून बसले होते.

"ताई, वाल आहेत?"

"आहेत."

"द्या पाव किलो. लवकर."

भाव विचारला नाही. पुढचीनेही विचारला नाही. रांग सरकते, भाव करायला वेळच नाही. मला तर चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, पण माल असा हलत होता की वाईट वाटून घ्यायलाही फुरसत नव्हती. दिवेलागणीला सोललेले वाल संपले. मागच्या दोघी हिरमुसून वर गेल्या. दुसऱ्या दिवशी दुप्पट आणले, तेही संपले. अख्खे वाल पोत्याने मिळतात, पण भिजवून, मोड आणून, एकेक साल काढायला माणसं हवीत, आणि श्रावण तोंडावर आला होता. मी सोलायला दोन बायका ठेवल्या. त्या अर्धे वाल मोडायच्या. मोडका वाल बिरड्यात पीठ होतो, गिऱ्हाईक परत येत नाही.

न मोडता, न बघता, गप्पा मारत वाल सोलणारी घोडपदेवात एकच बाई आहे. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

मी गेले नाही. चार दिवस आणखी थांबले असते तर माझंच नुकसान होतं, पण मी गेले नाही. मग त्याच आल्या, दुपारच्या वेळी, हातात आपला चंबू घेऊन. काउंटरच्या कडेला उभ्या राहिल्या.

"माझ्याकडे कुत्रं फिरकत नाय," त्या म्हणाल्या. "हय एका बाजूक बसतंय मी. जागा दे."

मी तराजू पुसत राहिले. मला त्या हव्या होत्या हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं. व्यापाऱ्यापुढे मी हेच करते.

"देईन. एक वाक्य बोला. वाटणी चुकीची झाली, म्हणा."

"वाटणी मी केलंय? सासूबाईंनी केल्यानी."

"मग त्या चुकल्या, म्हणा."

"मेलेल्या माणसाक नाव ठेवूचा नाय."

"मग नमस्कार."

त्या हलल्या नाहीत. रांग अजून लागायची होती, जिना रिकामाच वर चालला होता. त्या त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "मी तेव्हा गप्प बसलंय. इतकाच म्हणतंय. पुढचा मागू नको."

"गप्प का बसलात?"

"माका जिनो हवो होतो म्हणान."

इतक्या वर्षांत कोणी मला इतकं सरळ उत्तर दिलं नव्हतं. मी बाजारात ज्या भावाला सौदा पक्का करते, त्यापेक्षा हा भाव खाली होता. मागितलं होतं त्याच्या अर्ध्यालाच मी तयार झाले. पण माल खरा होता, आणि खऱ्या मालावर मी ओढाताण करत नाही.

"आणि मोडलेल्या वालाचे पैसे कापीन," मी म्हणाले.

"माझो वाल मोडलेलो बघितलंस कधी?"

त्या आत आल्या. पाट ओढला, नेमका खडूच्या खुणेशी टेकवला आणि बसल्या. भिजलेल्या वालांची परात पुढ्यात घेतली. अंगठा आणि तर्जनी, एक चिमूट, आणि साल बाजूला, वाल आख्खा. दुसरा. तिसरा. मी तोंड फिरवून दिवे लावले.

ऑफिसं सुटली. रांग लागली. एक बाई पायरीवर पाय ठेवता ठेवता थांबली, जाऊबाईंच्या हातांकडे बघू लागली, तिच्यामागची तिला ढकलू लागली.

"हे आत्ता सोललेले का?" बाईने विचारलं.

"तुझ्यासमोर सोलतंय," जाऊबाई म्हणाल्या. "काय तो भाव तिका विचार. ती कमी करूची नाय."

"का करू?" मी म्हणाले आणि तराजू उचलला.