काचेवरचा कागद

झेरॉक्सकाकांना कुणी खरं नाव विचारलं असतं तर त्यांनाच क्षणभर आठवावं लागलं असतं, इतकी वर्षं ते कॉलेजच्या जिन्याखालच्या खोपटात उभे होते. एक मशीन, एक काउंटर, कानामागे पेन. गर्दीत मान वर करायची सवयच नाही. समोर येतो तो हात, हातात कागद. काका कागद बघतात, माणूस नाही. आणि जिभेवर एक वाक्य कायमचं बसलेलं: 'नंतर ये.' माणूस वाईट मुळीच नाही हो. पण या दोन शब्दांनी त्यांची झोप उडवली, ती अकरा वर्षं.

नवी मुलं आली की वरच्या वर्गातली मुलं त्यांच्यासाठी सह्यांचा खेळ ठेवायची. एका कागदावर सोळा चौकोन. 'ज्याच्या घरी मांजर आहे', 'ज्याला शिट्टी वाजवता येत नाही', असलं काहीबाही. तसा माणूस शोधायचा, त्याची सही घ्यायची. तेवढ्या निमित्ताने ओळखी होतात. जो आधी सोळा सह्या आणेल त्याचं नाव फळ्यावर. शेवटचा चौकोन होता: 'जो या आवारात दहा वर्षांहून जास्त आहे.'

अकरा वर्षांपूर्वी एक मुलगी धापा टाकत काउंटरवर आली होती. पंधरा सह्या झाल्या होत्या, निळ्या, हिरव्या, एक लाल. घरी दाखवायला एक कॉपी काढा काका, आणि शेवटची सही तुम्हीच द्या, म्हणाली. काकांनी मान वर न करता कॉपी काढून दिली आणि सांगितलं, गर्दी आहे, नंतर ये. नाहीतर मागे पाण्याच्या पंपावर बघ, पंपवाला माझ्याहून जुना आहे. ती कॉपी घेऊन पळाली. मूळ कागद झाकणाखाली काचेवरच विसरली. सगळेच विसरतात.

पंपामागच्या पाण्याच्या टाकीचं झाकण त्या दिवशी उघडं होतं. ती संध्याकाळी त्या टाकीत सापडली.

ती तिकडे का गेली, हे कुणाला कळलं नाही. काकांना कुणी विचारलं नाही, आणि काकांनी कुणाला सांगितलं नाही. पुढच्या वर्षी मुलं म्हणाली, खेळाचा तोच कागद द्या. काकांकडे तिचा विसरलेला तेवढा एकच होता. सह्यांवर व्हाइटनर फिरवून त्यांनी तोच मशीनवर ठेवला. पंचविसावी का तिसावी कॉपी बाहेर आली आणि काकांनी मशीन थांबवलं. तिच्यावर पंधराही सह्या होत्या. सोळावा चौकोन कोरा.

फाडली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी मूळ कागदच जाळला आणि साध्या कॉपीवरून कॉप्या काढायला लागले. तरी दरवर्षी गठ्ठ्यात एक तशी निघायचीच. काका डोळ्यांत तेल घालून एकेक कागद तपासायचे, ती एक शोधून फाडायचे, मगच गठ्ठा बाहेर द्यायचे.

यंदा त्यांच्या लेकीला तिथेच प्रवेश मिळाला. काका म्हणाले, त्या खेळात पडू नकोस. ती हसली. मग म्हणाले, बरं, पण पंपाकडे जाऊ नकोस. का, तर ते काही सांगता येईना. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही पण ना, उगाच काहीतरी.

काकांनी यंदाचा गठ्ठा तीनदा तपासला. तशी कॉपी एकही निघाली नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला.

खेळाच्या दिवशी सकाळी अकराला काउंटरवर ही झुंबड. कुणीतरी हात पुढे केला, गोंगाटात सही मागितली. काकांच्या तोंडून सवयीने गेलं, "नंतर ये. नाहीतर पंपावर बघ."

आपण काय बोललो हे कानांवर पडेपर्यंत हात मागे गेला होता. काकांनी मशीनचं झाकण उचललं. काचेवर एक कागद होता. पंधरा सह्या, निळ्या, हिरव्या, एक लाल. काकांचं मशीन काळ्याखेरीज दुसरा रंग छापत नव्हतं. हा तो जाळलेला कागद होता.

"आत्ता कोण होती इथे?" काकांनी विचारलं.

"अहो, तुमचीच मुलगी की," रांगेतलं कुणीतरी म्हणालं.

कागद मुठीत धरून काका धावले. पायातली चप्पल कुठे गेली तेही कळलं नाही. पंपाचा माणूस जागेवर नव्हता. टाकीचं झाकण बाजूला सरकवलेलं होतं, आत पाणी हलत होतं. लेक टाकीपासून दोन हात अंतरावर कट्ट्यावर बसली होती, कोरडी, धडधाकट, मांडीवर आपला कागद.

काकांना रडूच फुटलं. त्यांनी तिला घट्ट धरलं. तिच्या उजव्या मनगटावर ओल्या बोटांचे ठसे होते.

"कुणी धरलं होतं तुला?"

"एक ताई होती. मी वाकून बघत होते, तर तिने हात धरून इथे बसवलं," लेक म्हणाली. "म्हणाली, इथून हलू नकोस, तुझे बाबा येतील. तिच्यासाठी तुम्ही आला नव्हतात म्हणे. बाबा, तुम्ही ओळखता तिला?"

काकांनी आधी ते जड झाकण ओढून टाकीवर नीट बसवलं, त्यावर मुठीतला चुरगळलेला कागद हाताने सपाट केला आणि कानामागचं पेन काढलं.

लेकीने आपला कागद पुढे केला. "बाबा, माझी राहिलीय ना सही."

"तुझी पण करतो," काका म्हणाले. "आधी हिची. ही तुझ्या आधीपासून रांगेत आहे."